निरंक म्हणून कळवलेली माणसं

मंत्र्यांचं विधानसभेतलं ते उत्तर मी स्वतः ऐकलं नव्हतं. अकोल्याहून आलेल्या एका वकील मुलीनं माझ्या अमरावतीच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, मला ते मोबाइलवरून वाचून दाखवलं. राज्यात एकही राजकीय कैदी नाही. जे आत आहेत ते कायदा मोडल्यामुळे आत आहेत. एवढंच होतं. वाचून झाल्यावर तिनं फोन पालथा ठेवला आणि सोबत आणलेली कापडी पिशवी माझ्याकडे सरकवली. तिच्यात एफआयआरच्या झेरॉक्स होत्या, वकीलपत्रं होती, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. काही नावं तर एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेली होती.

"मावशी, मले हे मोजून पाहिजे," ती म्हणाली. "नीट. कोनी बोट ठेवू नये असं."

ही माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची मुलगी. आई गेल्यावरही तिनं मला मावशी म्हणणं सोडलं नव्हतं आणि माझ्याकडे येणंही. ती हे काम माझ्याकडेच का घेऊन आली ते उघड होतं. सरकारच्या मोजणीच्या खात्यात मी आयुष्य काढलं. गुरं मोजली, विहिरी मोजल्या, दुकानं, पंप, बैलगाड्या आणि माणसं मोजली. शेवटची काही वर्षं नव्या मुलामुलींना मोजायला शिकवलं. आधी व्याख्या ठरवा, मग दार वाजवा, हे मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं असेल की ती मागून माझी नक्कल करायची.

प्रकरण पाण्याचं होतं. भातकुलीकडचा भाग खारपाण पट्ट्यात येतो. जमिनीखालचं पाणी खारट, त्यात डाळ शिजत नाही. तेच पाणी वर्षानुवर्षं पिऊन मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं प्रत्येक गावात सापडतात. नळाला पाणी येणार म्हणून नळ बसले, पण पाणी यायचं महिन्यातून एखाद्या वेळी. त्या उन्हाळ्यात काही गावांनी मिळून विहिरींचं पाणी डब्यांत भरलं, टेम्पोत घातलं आणि पाण्याचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयापुढे नेऊन ठेवलं. साहेबांनी बाहेर येऊन एक पेला प्यावा, एवढीच मागणी होती. साहेब आले नाहीत. दोन तास घोषणा झाल्या, मग कुठून तरी दगड आला, काचा फुटल्या, एका पोलिसाच्या डोक्याला लागलं.

त्या दिवशी काहींना धरलं, पण खरी धरपकड पुढे दोन महिने चालली. जे तिथे होते त्यांना नेलं. जे नव्हते, पण गावच्या समितीत होते, त्यांनाही नेलं. ज्यानं पाण्यावरचं गाणं रचून मोबाइलवर टाकलं त्यालाही नेलं. कट, बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा, जीव घेण्याचा प्रयत्न, अशी कलमं लागली. सगळे एका तुरुंगातही नव्हते. तीन ठिकाणी वाटून ठेवले होते आणि मधूनच कुणाला इकडून तिकडे हलवत.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं.

"आधी सांग," मी म्हटलं, "राजकीय कैदी म्हणजे कोण?"

"जे या आंदोलनापायी आत हाय ते."

"आणि दगड मारणारा?"

"दगड कोनं मारला ते कोनाले माहीत हाय?"

"आरोपपत्रात ज्याचं नाव दगड मारणारा म्हणून आहे, तो."

"आरोपपत्रात तं सतरा जनाईनं मिळून एकच दगड मारला असं लिवलं हाय, मावशी!"

मला हसू आलं, तिला आलं नाही. मी दोन रकाने करू म्हणत होते: ज्यांच्यावर फक्त हजर असल्याचा आरोप आहे ते एकात, दगडफेकीचे दुसऱ्यात. ती भडकली. असे दोन भाग केले तर समोरचे दुसरा भाग उचलून आपल्याच तोंडावर मारतील, असं तिचं म्हणणं. आणि दोन भाग केले नाहीत तर यादीच कच्ची राहील, असं माझं. तिन्हीसांजेपर्यंत भांडून आम्ही एका नियमावर आलो. यादी एकच. पण प्रत्येकाचं नाव बापाच्या नावासकट, गुन्ह्याचा कागद हातात, आणि घरच्यांची संमती. या तीनपैकी एक नसेल तर नाव नाही.

यादीला हात घालण्याआधी सरळ मार्गानं जाऊन बघावं म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. आंदोलनाच्या प्रकरणांत किती जण न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीचे कैदी, म्हणून आत आहेत, एवढंच विचारलं. महिन्यानं उत्तर आलं: अशी वर्गवारी ठेवण्यात येत नसल्याने माहिती निरंक.

निरंक, म्हणजे काही नाही, हा शब्द सरकारी नोकरी केलेल्या माणसाला नवा नाही. पण मी मुलांना शिकवायचे की शून्य आणि रेघ यांत फरक असतो. शून्य म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही. रेघ म्हणजे शोधलंच नाही. ज्याची वर्गवारीच ठेवली नाही ते निरंक कसं? मी अपील केलं. सुनावणीला गेले तर खुर्चीत बसलेला अधिकारी एके काळी माझ्या प्रशिक्षणाला बसलेला. त्यानं उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगायच्या ना, रकान्याबाहेर काही लिहायचं नाही. आमच्या नमुन्यात हा रकानाच नाही हो."

त्याचा स्वर कुत्सित नव्हता, तेच जास्त लागलं. मी चहा तसाच ठेवून बाहेर आले. बसस्टँडवर उभी असताना मला माझीच एक सही आठवली. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीवर एकदा मला पर्यवेक्षक म्हणून पाठवलं होतं. एका गावाचा कागद निरंक आला होता आणि त्याच गावाच्या वेशीवरच्या वीटभट्टीवर मी आदल्या दिवशी माती वाहणारी पोरं स्वतः पाहिली होती. मी विचारलं तेव्हा सांगितलं गेलं की ती बाहेरगावची आहेत, या गावच्या आकड्यात येत नाहीत. दुसऱ्या कुठल्या गावच्या आकड्यात येतात ते मी विचारलं नाही. सही केली. त्यामुळे त्या अधिकाऱ्यावर मनसोक्त चिडायची सोयही मला राहिली नव्हती.

मग दारोदार जायचं ठरलं. अमरावतीहून बस धरायची, भातकुलीकडच्या गावांत फिरायचं, वही भरायची, परत यायचं. आठवड्यातून एकदा अकोल्याला त्या मुलीच्या ऑफिसात बसून दोघींनी कागद ताडून पाहायचे. गुडघ्यांनी मला शिव्या दिल्या, पण नावं जमत गेली. काही घरं मोठ्यानं बोलायची, काही दार अर्धंच उघडायची. एका ठिकाणी, ती मुलगी सोबत असताना, बाईनं आम्हाला पाणी दिलं आणि आम्ही पितो का ते टक लावून पाहिलं. मी प्यायले. घसा खवखवत होता, तरी पूर्ण पेला संपवला.

पातूरला मी एकटी गेले. तिथला एक तरुण भातकुलीकडच्या खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवायचा. मुलांच्या पाण्यासाठी म्हणून तो समितीत गेला आणि त्यातच धरला गेला. त्याचे वडील अंगणात फवारणीचा पंप खोलून बसले होते. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली नाही.

"माह्या पोराले राजकीय नका लिवू, बाई."

"भाऊ, राजकीय म्हणजे पक्षातला असं नाही—"

"ते मले समजते. मी काही अडाणी नाई. मारामारीची केस हाय, तं मारामारीचीच राहू द्या. मारामारीतला पोट्टा वरीसभरात घरी येते. राजकीय लिवलं तं त्याची फाईल वर जाते. वर गेलेली फाईल खाली आलेली मी तं पायली नाई."

मी अर्धा तास समजावलं. लपवलं तर सरकारला नाही म्हणणं सोपं जातं, असं काय काय बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्या यादीत नाव आलं म्हनून कोनी सुटलं काय आजपावतर?" मी नाही म्हटलं. "मंग?" ते म्हणाले आणि पुन्हा पंपाकडे वळले. संमती नाही म्हणजे नाव नाही. बसमध्ये बसून मी त्याच्या नावावर रेघ मारली. जो माणूस पाण्यासाठीच आत असल्याची मला सगळ्यांत जास्त खात्री होती, त्याच्याच नावावर.

अकोल्याच्या जुन्या शहरात उलटाच अनुभव. मोर्णा नदीच्या त्या बाजूच्या गल्ल्यांत माझं लहानपण गेलं, त्यामुळे घर शोधायला वेळ लागला नाही. ज्या टेम्पोतून पाण्याचे डबे गेले त्याचा ड्रायव्हर आत होता. बायको दालमिलमध्ये डाळ निवडायला जायची. मी वही काढताच ती ओट्यावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

"लिवा, मोठ्या अक्षरानं लिवा," ती म्हणाली. "म्हने कोनी आतच नाई! मंग दर मंगळवारी मी कोनाले भेटून राहिली?"

तिनंच मला मुलाखतीच्या, म्हणजे कैद्यांना भेटण्याच्या, रांगेची वाट दाखवली. तुरुंगाच्या भिंतीबाहेर पत्र्याचं एक छप्पर, त्याखाली आधार कार्डं हातात धरून उभ्या असलेल्या बाया. ओळखीचं असं तिथे कुणी नव्हतं आणि तासाभरात सगळ्या ओळखीच्या झाल्या. टेम्पोवाल्याची बायको रांगेत पुढे-मागे फिरून मला माणसं आणून द्यायची. त्या रांगेत मला जितकं मिळालं तितकं कुठल्याच कार्यालयात मिळालं नाही. कुणाला कुठे हलवलं, कुणाला ताप आहे, कुणाचा जामीन फेटाळला, सगळं त्या बायांना तोंडपाठ होतं.

तिथेच ती म्हातारी भेटली. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. भाच्याला भेटायला आली होती. त्याला आईबाप नव्हते.

"कशात नेलं त्याला?" मी विचारलं.

तिनं आजूबाजूला पाहिलं. "त्याच पान्याच्या भानगडीत जी."

"कागद आहे काही?"

"कागद माह्याजवळ कोन देते?"

मी त्याचं नाव, बापाचं नाव पेन्सिलीनं लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं. वकील मुलीला सांगून कागद काढायचा, मग नाव पक्कं करायचं. नियम म्हणजे नियम. पण त्या आठवड्यात तिला कोर्टात लागोपाठ तारखा होत्या आणि एका वर्तमानपत्रानं यादी छापायची तयारी दाखवली होती, शुक्रवारपर्यंत दिली तर. कच्ची वही मी अमरावतीतल्या एका झेरॉक्सवाल्याकडे टाइप करायला दिली. यादीत एकतीस नावं झाली. मी ती दोनदा वाचली, नावांचे काने-मात्रे तपासले. प्रश्नचिन्ह टाइप झालंच नव्हतं, ते मला दिसलं नाही.

रविवारी यादी छापून आली. मंगळवारी सरकारच्या वतीनं कुणीतरी कॅमेऱ्यासमोर हसत हसत सांगितलं की या यादीतला एक इसम शेतातले पंप चोरल्याबद्दल आत आहे. चोरांना राजकीय कैदी म्हणणाऱ्यांबद्दल काय बोलायचं. बस. त्यानंतर त्या यादीबद्दल जे काही बोललं गेलं ते त्या एका पंपचोराबद्दल. इतर तीस जणांचं कुणी नावही घेतलं नाही.

मी अकोल्याला फोन केला. "कोर्टात हाय, सांजच्याला बोलू," एवढं म्हणून तिनं ठेवला. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी आधीच सगळं सांगून टाकलं: कागद नव्हता, नाव पेन्सिलीनं लिहिलेलं, पुढे खूण होती, ती टाइप करताना गेली, चूक माझी.

"पेन्सिल खोडाची असते, मावशी," ती म्हणाली. "टाइप कराची नसते."

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. स्वतःचा राग तर होताच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं गोल केल्या, आणि स्वतःच्या वहीतली एक दिसली नाही. पण त्याहून मोठा राग वेगळाच होता आणि तो कुठे नेऊन ठेवावा ते कळत नव्हतं. माझ्या एकतीसात एक चुकलं तर सगळी यादी खोटी. त्यांच्या निरंकात तीस चुकले होते तरी ते उत्तर खरंच राहिलं. मी हे घरात बोलून दाखवलं, शेजारणीला सांगितलं, त्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. पत्र छापलं नाही. दुरुस्ती मात्र छापली, चौकटीत, माझ्या चुकीची.

पुढच्या मंगळवारी मी रांगेत गेले ते म्हातारीला जाब विचारायलाच. ती होती. मला पाहून तिनं पदर पुढे ओढला.

"आजी, मला खोटं काहून सांगितलंत?" रागात माझी जुन्या शहरातली बोली बाहेर आली.

"मंग काय सांगू?" ती हळू आवाजात म्हणाली. "बाजूच्या बाया सांगून राहिल्या, आमचा मानूस पान्यासाठी आत हाय, आमचा मानूस गावासाठी आत हाय. त्या समद्यायपुढं मी सांगू का, माहा भाचा चोरीत हाय म्हनून?"

शेजारी टेम्पोवाल्याची बायको उभी होती. तिचा नवरा या भानगडीत पुन्हा बदनाम झाला होता, पण तिनं म्हातारीला एका शब्दानं दुखावलं नाही. उलट तिची पिशवी आपल्या हातात घेतली, कारण रांग पुढे सरकत होती. मी बोलायला आलेलं सगळं तसंच राहिलं. त्या पत्र्याखाली उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की आपण हे काम सोडून द्यावं. म्हातारीवर चिडता येत नव्हतं, अधिकाऱ्यावर चिडायची सोय मी स्वतःच घालवलेली, आणि ज्यांच्यावर चिडायचं ते माझ्यापर्यंत येतच नव्हते.

सोडलं नाही, एवढंच. तीस नावांची यादी आम्ही पुन्हा केली, प्रत्येक नावामागे कागद लावून, दोघींच्या सह्या घालून. ती कुणीच छापली नाही. तो विषय संपला, असं मला एका संपादकानं फोनवर सांगितलं. पावसाळ्यानंतर जामीन मिळायला लागले. आज दोन, पुढच्या महिन्यात चार. टेम्पोवाला सुटला तेव्हा मी त्याच्या घरी गेले. यादीत आपलं नाव बघून तो अवघडला. "मी तं डबे पोचवून देल्ले होते बाई," तो म्हणाला. "राजकीय कवा झालो ते मलेच समजलं नाई." बायको त्याला म्हणाली, "तू गप राय. तुले नसन समजलं, त्यायले समजलं होतं." टेम्पो अजून पोलिसांच्या आवारात पडून होता. तो सोडवायला कागद कुठे द्यायचे, हे दोघं मला विचारत होते आणि मला माहीत नव्हतं.

पातूरचा मुलगा सुटला नाही. त्याच्याबरोबरच्यांना जामीन झाले, त्याचा दोनदा फेटाळला. हिवाळ्यात एका दुपारी त्याचे वडील माझ्या अमरावतीच्या घरी आले, पत्ता विचारत विचारत. खुर्ची दिली तरी दाराजवळच्या स्टुलावर बसले. चहा ठेवला, तो घेतला नाही.

"लिवा," ते म्हणाले.

मी त्यांना खरं ते सांगितलं. यादी आता कुणी वाचत नाही, तिच्यातल्या एका चुकीमुळे तिची किंमत गेली आहे, आता नाव लिहून काय होईल ते मला सांगता येत नाही.

"आन तवा लिवलं असतं तं काय झालं असतं?"

"तेही सांगता येत नाही, भाऊ."

मग त्यांनी खिशातून घडी केलेला एफआयआर काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी वही आणली. मुलाचं नाव, त्यांचं नाव, गाव, वय, धरल्याची तारीख. त्यांनी प्रत्येक अक्षर बघून घेतलं. जाताना म्हणाले, "पोराले सांगतो, की लिवलं म्हनून. त्याले बरं वाटन."

पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. उत्तरही तेच आलं, बहुतेक आधीच्याच कागदावरून वाचलेलं. त्या दिवशी माझ्या वहीत आत असलेले अकरा जण होते. ती अकरा नावं मी स्वच्छ अक्षरात लिहून काढली, झेरॉक्सवाल्याकडे न देता, आणि रजिस्टर पोस्टानं मंत्र्यांच्या कार्यालयाला पाठवली. पोचपावती आली आहे. तिच्यावरचा शिक्का इतका फिका आहे की तारीख लागत नाही, म्हणून परवा मी पोस्टात जाऊन विचारलं. खिडकीतली मुलगी म्हणाली की अर्ज करावा लागेल. मी नमुना मागून घेतला आहे.